रिकामीच हाये जी!

शिकारीभाऊ ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्याशी बोलताना आपल्याला उगाचच खाली बसावंसं वाटतं. काखेत आडवी धरलेली त्याची दुनळी नेमकी आपल्या बरगड्यांच्या उंचीवर असते, आणि बोलण्याच्या भरात तो ज्याच्याकडे वळेल त्याच्याकडे तीही वळते. आपण जरा बाजूला सरकलो की त्याच्या ध्यानात येतं. तो मोकळं हसतो आणि म्हणतो, "भिऊन रायले का जी? रिकामीच हाये!"

वर्धा जिल्ह्यात तालुके आठ आणि शिकारीभाऊ प्रत्येकात. कारंज्याचा संत्र्याच्या बागेत उभा राहून बोलतो, समुद्रपूरचा गिरडच्या टेकड्यांकडे हात करून, आणि सेलूचा हिंगणीच्या पानठेल्यावर. सेलूवाल्याचं दुःख जरा मोठं. बोरचं जंगल त्याच्या घराच्या गच्चीवरून दिसतं, पण ते 1970 पासून अभयारण्य आहे आणि 2014 पासून व्याघ्र प्रकल्प. गाभ्याचं क्षेत्र म्हणाल तर जेमतेम 138 चौरस किलोमीटर. "एवढुसं जंगल, तेबी नाई ठेवलं आमच्यासाठी," असं तो म्हणतो. वाघांचीही हीच तक्रार असावी, पण त्यांना पानठेल्यावर कोणी विचारत नाही.

बंदूक आजोबांची. बारा बोरची, दोन नळ्यांची, बाहेर घोडे असलेली. आजोबांनी त्या बंदुकीनं वाघ मारला होता. मारला तेव्हा तो नऊ फुटांचा होता, वडिलांच्या काळात साडेदहाचा झाला, आणि परवा मी ऐकला तेव्हा बाराच्या पुढं गेलेला. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि या घराण्याची वाघाची शिकार थांबली. वाघाची वाढ मात्र त्या कायद्याला थांबवता आली नाही. बंदुकीचा परवाना वडिलोपार्जित, प्लास्टिकमध्ये घालून देवघरात ठेवलेला. परवान्याचा नंबर शिकारीभाऊ झोपेतही सांगेल. बंदुकीत काडतूस आहे की नाही, हे मात्र जागेपणीही नक्की सांगता येत नाही.

दस्त्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आहे. कोणी नाक मुरडलं तर शिकारीभाऊकडे उत्तर तयार असतं: जिम कॉर्बेटच्या लहानपणच्या ठासणीच्या दुनळीची एक नळी फुटलेली होती आणि ती तारेनं बांधून ठेवलेली होती. ही गोष्ट खरी आहे. कॉर्बेटकडून शिकारीभाऊनं उचललेली ही एकच गोष्ट. पाऊल टाकण्याआधी थांबणं, पाहणं, न दिसल्यास परत फिरणं, ही बाकीची पानं पुस्तकातून गळालेली असावीत.

घराच्या कवेलूला एक भोक आहे. पावसाळ्यात त्याखाली बादली ठेवतात. एका संध्याकाळी पाहुण्यांना बंदूक रिकामी असल्याचं पटवून देण्यासाठी शिकारीभाऊनं ती आढ्याकडे धरून चाप ओढला होता. पाहुणे तेव्हापासून मुलीच्या लग्नाला आले तेवढेच. पण वहिनी त्या भोकाचा राग धरत नाहीत. त्यांचं म्हणणं असं: "घरचं भोक रिकाम्या बंदुकीनं पाडलं. भरलेल्या बंदुकीनं यायनं आजवर काईच पाडलं नाई."

आता कोणी म्हणेल, गांधींच्या जिल्ह्यात हा कसला बंदूकबाजीचा थाट? शिकारीभाऊ सेवाग्रामच्या रस्त्यानंच बाजाराला जातो, त्यामुळे तो प्रश्न त्यानं आधीच निकालात काढलेला आहे. "बापूनं माणसाले मारू नोका म्हटलं. डुकराचं कोठी म्हटलं?" गंमत म्हणजे तो फार चुकीचा नाही. 1946 साली 'हरिजन'मध्ये पिकं खाणाऱ्या माकडांबद्दल लिहिताना गांधीजींनी, उभं पीक जनावरांना खाऊ देणं म्हणजे अहिंसा हे मान्य केलं नव्हतं. आणि पीक जातं, हेही खरंच आहे. रानडुकरांचा कळप एका रात्री तुरीच्या चार ओळी आडव्या करतो, रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप हरभऱ्यातून नुसता पळाला तरी वर्षाचा हिशोब बिघडतो. भुईमूग आणि ज्वारी पेरणं कित्येकांनी याच कारणानं सोडलं. हिवाळ्यात रात्री थ्री फेजची वीज येते, म्हणून ओलीत करायचं, आणि ओलीत संपलं की जागली करायची. शेतकऱ्याच्या या हालांची चेष्टा करायला मी बसलेलो नाही. नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकराची पारध करण्याची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते. 2015 मध्ये राज्य सरकारनं तसा निर्णयही काढला. अर्ज करायचा, नुकसान दाखवायचं, लेखी परवानगी घ्यायची. सरळ काम आहे.

ते वाकडं होतं परवानगी शिकारीभाऊच्या हाती पडल्यावर. तो कागद तो लग्नपत्रिकेसारखा वाचतो. नाव एकाचं, पण सहकुटुंब सहपरिवार अगत्याचं. अंधार पडेपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पुतण्या, पुतण्याचे दोन मित्र, पंचायत समितीतले एक बाबू, रील काढणारा एक पोरगा, मटणाचा मसाला वाटून आणलेला एक उत्साही आणि सालदार एवढी मंडळी जमतात. जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. ट्रॉलीपर्यंत ती अजून पोचायची आहे.

यात शिकार कोणाला कळते म्हणाल तर फक्त सालदाराला. तो त्या घरात शिकारीभाऊच्या वडिलांपासून आहे. त्याचा एकच नियम: मालकाच्या मागं चालायचं. कोणी कौतुकानं म्हणालं, "काका, तुम्ही रस्ता दाखवाल म्हणून समोर राहा ना," तर तो शांतपणे सांगतो, "रस्ता मी मागूनच दाखोतो बाप्पा. समोर त्यायची नळी रायते."

ट्रॉली निघते. बंदूक भरलेली, मांडीवर आडवी, घोडे चढवलेले. कारण "डुक्कर काई सांगून येते का?" पांदणीचे खड्डे असे की बसलेला माणूस अर्धा वेळ हवेत. प्रत्येक खड्ड्याला नळी एकेका माणसाची ओळख करून घेते. बाबू हळूहळू ट्रॉलीच्या फळीवरून ड्रायव्हरच्या मडगार्डवर सरकतात. तिथून पडून मरायची शक्यता आहे, पण त्यांनी तुलना करून निर्णय घेतलेला असतो.

मग येतं तारेचं कुंपण. जगात बंदुकीनं स्वतःच जखमी झालेल्या लोकांची गणती केली तर कुंपणापाशी बरीच सापडतील. रीत अशी की बंदूक मोडायची, काडतुसं काढून खिशात टाकायची, बंदूक पलीकडच्याच्या हातात द्यायची आणि मग आपण तारेतून जायचं. शिकारीभाऊ बंदूक कुंपणाला टेकवून ठेवतो, स्वतः पलीकडे जातो, धोतर नसून पँट असली तरी ती तारेत अडकवून घेतो, आणि मग मागं वाकून बंदुकीची नळी धरून तिला आपल्याकडे ओढतो. म्हणजे तोंड पोटाकडे आणि चाप तारेच्या काट्याकडे. सालदार अशा वेळी काही बोलत नाही. तो फक्त आधीच तिथं पोचलेला असतो, नळ्या उघडून दोन्ही काडतुसं त्यानं आपल्या बंडीच्या खिशात टाकलेली असतात, आणि पलीकडे गेल्यावर परत द्यायला तो बरेचदा विसरतो. शिकारीभाऊचे अनेक अचूक नेम याच विसरभोळेपणानं वाया गेले आहेत.

मचाण बांधलेलं असतं धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडावर. इथंही तोच प्रकार: स्वतः वर चढायचं आणि खालून दोरीला बांधलेली भरली बंदूक, नळी वर करून, आपल्या नाकाच्या दिशेनं ओढून घ्यायची. बाकीच्यांनी कुठं बसायचं हे ठरलेलं नसतं. पुतण्या डावीकडच्या नाल्यात, मित्र उजवीकडे पऱ्हाटीत, रीलवाला चांगला अँगल मिळेल तिकडे. कोण कुठं आहे हे मचाणावरच्या माणसाला माहीत नाही, आणि मचाणावरचा माणूस काय करेल हे खालच्यांना माहीत नाही. शांतता पाळायची म्हणून कोणी कोणाला हाक मारत नाही. फक्त अधूनमधून रीलवाल्याच्या मोबाइलवर आईचा फोन येतो.

रात्रीची सगळी शिकार बॅटरीच्या झोतात चमकणाऱ्या डोळ्यांवर चालते. बऱ्याच जनावरांच्या डोळ्यांमागं उजेड परतवणारा पडदा असतो, म्हणून गाय, कुत्रं, कोल्हा, रोही, बिबट सगळ्यांचे डोळे अंधारात पेटतात. डोळ्यांच्या उंचीवरून, दोन डोळ्यांतल्या अंतरावरून, रंगावरून जाणता माणूस काही अंदाज बांधतो आणि तरीही अंग दिसेपर्यंत बार टाकत नाही. शिकारीभाऊचा अंदाज झटपट असतो. एका रात्री त्याला खाली, रस्त्याच्या बाजूला, दोन तांबडे डोळे दिसले. मोठ्ठे. एकमेकांपासून चांगलेच लांब. "एकल दिसते," तो पुटपुटला. एकल म्हणजे कळपातून फुटलेला म्हातारा नर, सुळेवाला. त्यानं दोन्ही नळ्या एकदम सोडल्या.

डोळे विझले नाहीत. फक्त 'फुस्स' असा आवाज बराच वेळ येत राहिला.

ट्रॉलीच्या मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर असतात. आरटीओ त्याबद्दल फार आग्रही असतं, आणि आमच्या ट्रॉलीला ते नवेकोरे होते. एलजीचे छर्रे टायरात गेले होते. ड्रायव्हर ट्रॉलीतच तुराट्यांवर झोपला होता. तो उठून बसला आणि त्यानं विचारलेला प्रश्न इथं छापता येणार नाही. मंडळी रात्री चार कोस चालत घरी आली. शिकारीभाऊनं वाटेत दोनदा सांगितलं की नेम अचूक होता. तो होताच. म्हणून तर काळजी.

हसून झालं असेल तर एक गोष्ट सांगतो. माणसाचे डोळे बॅटरीत तसे चमकत नाहीत. म्हणजे पहाटे डबा घेऊन बसलेला माणूस, तुरीत ओलीत करायला वाकलेला माणूस किंवा नाल्यात दबा धरून कंटाळलेला आपलाच पुतण्या, हे या पद्धतीत दिसतच नाहीत. ते फक्त ऐकू येतात. आणि शिकारीभाऊला आवाजावर बार टाकण्याचा विशेष अभिमान आहे. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. मागाहून आलेल्या आपल्याच सोबत्यांना त्यांनी डुकरं समजून गोळी घातली. एक जण मेला, आणि घाबरून त्यांनी प्रेत झुडपात लपवून ठेवलं. ती बातमी आली त्या दिवशी मी शिकारीभाऊला वर्तमानपत्र दाखवलं. त्यानं शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "तिकडचे लोक नवखे असतीन."

डुक्कर खरोखर मिळालं अशीही एक रात्र झाली. म्हणजे लागलं, मिळालं नाही. जखमी रानडुक्कर तुरीत शिरलं तर काय करायचं, याबद्दल पारध करणाऱ्यांत फारसे मतभेद नाहीत: थांबायचं, उजाडू द्यायचं, मग माग काढायचा. जखमी एकल उलटा येतो, सरळ येतो, आणि माणसाच्या मांडीच्या उंचीवर त्याचे सुळे असतात. शिकारीभाऊ चपलांवर तुरीत शिरला. बॅटरी तोंडात, कारण दोन्ही हात बंदुकीला. तुरीतून घुरकणं ऐकू आलं, मग बॅटरी खाली पडल्याचा आवाज, मग बंदूक पडल्याचा, आणि मग थोड्या वेळानं उंचावरून, "काका, कोठी हा तुमी?"

तो बाभळीवर होता. माणसाला जीव वाचवायचा असला की बाभळीवर चढताना काटे लागत नाहीत. ते उतरताना लागतात. सालदारानं खालून बंदूक उचलली, मोडली, काडतूस काढलं आणि मगच वर पाहिलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात काटे काढणाऱ्या डॉक्टरला शिकारीभाऊनं बाभूळ तोडत होतो असं सांगितलं. डॉक्टर म्हणाले असतील, मिठी मारून तोडत होतात का. पण हे मी ऐकलेलं नाही.

हे सगळं असूनही 2018 च्या शेवटी शिकारीभाऊ तालुक्यातला सर्वांत मोठा तज्ज्ञ होता. वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळच्या राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघिणीचा शोध चालला होता, आणि पानठेल्यावरच्या टीव्हीसमोर शिकारीभाऊ रोज सकाळ-संध्याकाळ बसत असे. वाघिणीला भुलवायला एका परदेशी कंपनीचं महागडं अत्तर शिंपडलं, हे ऐकून तो दोन मिनिटं बोललाच नाही. मग हवेत उडणारं ग्लायडर आलं, परदेशी जातीची कुत्री आली, हत्ती आले. त्यातला एक हत्ती साखळी तोडून सुटला आणि त्यानं चहांदमध्ये एका बाईला चिरडलं. वाघीण 2 नोव्हेंबरच्या रात्री मारली गेली, आणि नंतरच्या चौकशीत नियम कसे पाळले गेले नाहीत याची लांबलचक चर्चा झाली. शिकारीभाऊचं मत त्या दिवसांत एकाच वाक्यात असे: "मले बोलावलं असतं तं एवढा खर्चा नसता झाला." हे वाक्य ऐकून मला पहिल्यांदा त्या मोहिमेतल्या साहेबलोकांबद्दल जरा आपुलकी वाटली. एवढी सामग्री, एवढे तज्ज्ञ, एवढा फौजफाटा, आणि तरी शेवटी आमच्या ट्रॉलीतल्याच माणसांची आठवण व्हावी!

एका बाबतीत मात्र मी शिकारीभाऊच्या बाजूचा आहे. गावात त्याचा एक चुलत भाऊ आहे. त्याच्याकडे बंदूक नाही, परवाना नाही, अर्ज केलेला नाही. तो अंधार पडला की खांबावर आकडा टाकून कुंपणाच्या तारेत वीज सोडतो आणि घरी जाऊन झोपतो. सौर कुंपणाचं झटका मशीन वेगळं. त्याचा दाब जास्त असला तरी झटका क्षणभराचा, तुटक असतो. जनावर दचकून मागं सरतं. खांबावरची वीज तारेला लावली की ती धरून ठेवते, सोडत नाही. तिला डुक्कर, गाय, शेजारी आणि वाघ यांतला फरक कळत नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये कॉलर लावलेली एक वाघीण आमच्याच जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात सिंदीविहिरीला, अशाच तारेला लागून मेली. ब्रह्मपुरीकडून पकडून तिला बोरमध्ये सोडलं होतं. माणसं मारली म्हणून तिला गोळी घालायचा हुकूम निघालेला होता, शोधपथकं मागावर होती, आणि शेवटी काम केलं कोणा झोपलेल्या माणसाच्या तारेनं. पहाटे ओलीत करायला जाऊन अशा तारेला चिकटलेल्या शेतकऱ्यांच्या बातम्या तर दर हंगामात आतल्या पानावर येतात. शिकारीभाऊ या चुलत भावाशी बोलत नाही. "मी मारतो तं मी तेथी उभा रायतो," तो म्हणतो. त्याच्या तोंडून निघालेलं हे एक वाक्य मला निर्विवाद खरं वाटतं. तो उभा राहतो. भलत्या जागी, भलत्या दिशेला तोंड करून, पण राहतो.

त्याला सुधारायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पुतण्यानं यूट्यूबवरचे सुरक्षेचे व्हिडिओ दाखवले. शिकारीभाऊनं ते पाहून त्यातल्या गोऱ्या माणसाच्या नारंगी जाकिटाला नावं ठेवली. खरं तर ते जाकीट सोबत्यांना ओळखू यावं म्हणून असतं, आणि त्या रात्री ड्रायव्हरकडे एखादं असतं तर बरं झालं असतं. वहिनींनी काडतुसं डाळीच्या डब्यात लपवली. ती वरणात सापडली. उपाय सापडला तो निवडणूक आयोगाला, आणि तोही नकळत.

निवडणूक जाहीर झाली की बऱ्याच परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लागतात. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि आमची दुनळी पावती घेऊन ठाण्याच्या कपाटात गेली. शिकारीभाऊला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती, हरभरा पेरायचा होता, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती. मग तो तेलाचा रिकामा डबा, काठी आणि दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब घेऊन जागलीला जाऊ लागला. धुऱ्याच्या चारही कोपऱ्यांवर शेकोट्या पेटल्या. रात्रभर डबा बडवून त्यानं अख्ख्या शिवाराची झोप उडवली, पण डुकरं आली तशी परत गेली. पहिल्यांदाच सालदार त्याच्या पुढं चालत होता. निकाल 23 नोव्हेंबरला लागला. बंदूक परत आणायला ठाण्यात जायचं होतं, पण पावती सापडेना. ती डाळीच्या डब्यात नव्हती, देवघरात नव्हती, आणि सालदाराच्या बंडीचा खिसा कोणी पाहिला नाही. पावती अखेर संक्रांतीनंतर सापडली. तोवर तूर कापून झाली होती, आणि त्या हंगामात आमच्या शिवारात नुकसान इतर वर्षांपेक्षा जास्त झालं, अशी तक्रार कोणीच केलेली नाही.